वाचकांचे प्रश्न : औषधाला न जुमानणारे जिवाणू येतात कुठून?

प्रतिजैविके आणि त्यांना दाद न देणारे जिवाणू या विषयावर आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. “प्रतिजैविकाच्या सततच्या वापरामुळे जिवाणूंनी स्वतःत बदल घडवून आणला” असे मुले लिहितात आणि मी गुण कापते. पण “मॅडम, औषध दिल्यावरच तर बदल दिसतो ना?” असे कोणी विचारले की पटेलसे उत्तर देता येत नाही. काय सांगावे?

उत्तर : गुण कापता ते बरोबरच आहे. बदल आधी होतो, औषध नंतर येते. औषधाचे काम चाळणीचे. चाळणीने खडे तयार होत नाहीत, ते फक्त वर उरतात.

मुलांना आधी आकडे द्या. ई. कोलाय हा जिवाणू पोषक रसात साधारण २० मिनिटांनी दुभंगतो. एकापासून सुरुवात केली तर ३० दुभंगांत, म्हणजे दहा तासांत, संख्या १०७ कोटींवर जाते. प्रत्येक वेळी ४६ लाख अक्षरांच्या डीएनएची नक्कल होते आणि साधारण हजार विभाजनांमागे एक चूक राहून जाते. हे प्रमाण फारच थोडे वाटते. पण ५ मिलिलिटर रसात रात्रभर वाढलेले जिवाणू ५०० कोटींच्या घरात असतात, म्हणजे चुका झाल्या सुमारे ५० लाख. अक्षरे ४६ लाख आणि चुका ५० लाख! सरासरी काढली तर त्या एका नळीत जवळजवळ प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या जिवाणूत एकदा बदललेले निघेल. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही, काही मारक ठरतात. मात्र रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे औषध ज्या प्रथिनाला चिकटते त्याच्या एका छोट्या भागात चूक झाली, तर औषध चिकटतच नाही. असे जिवाणू १० कोटींत साधारण एक असतात. म्हणजे आपल्या नळीत ५०च्या आसपास, आणि त्यांनी औषधाचा थेंबही पाहिलेला नाही.

“हे कशावरून?” असे एखादी हुशार मुलगी विचारेलच. तिला १९४३ सालचा लुरिया आणि डेलब्रुक यांचा प्रयोग सांगा. त्यांनी औषधाऐवजी जिवाणूंना मारणारा विषाणू वापरला होता, पण तर्क तोच. बऱ्याच नळ्यांत मोजके जिवाणू सोडून ते वेगवेगळे वाढवायचे आणि मग प्रत्येक नळीतला रस मारक द्रव्य असलेल्या बशीवर पसरायचा. बदल जर द्रव्याच्या संपर्कामुळे होत असेल, तर प्रत्येक बशीवर वाचलेल्या वसाहतींची (एकेका जिवाणूपासून वाढलेल्या ठिपक्यांची) संख्या साधारण सारखी यायला हवी : ३, ५, ४, ६ अशी. बदल आधीच, वाढीच्या काळात केव्हाही होत असेल तर चित्र वेगळे. शेवटच्या विभाजनात झाला तर एकच वारस, त्याच्या पाच पिढ्या आधी झाला तर ३२, दहा पिढ्या आधी झाला तर १०२४. म्हणजे बहुतेक बश्यांवर शून्य किंवा एकदोन वसाहती आणि मध्येच एखाद्या बशीवर ढीग. प्रत्यक्षात ढीगच दिसले. एकाच नळीतला रस अनेक बश्यांवर पसरला तेव्हा मात्र आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणजे गोंधळ मोजण्यातला नव्हता.

वर्गात हा प्रयोग कागदावर, नाणे उडवूनही करता येतो. खरा करणार असाल तर सुरुवात नळीमागे १००-२०० जिवाणूंनीच करा. सुरुवातच कोट्यवधींनी केली तर सुरुवातीच्या पिढ्यांतली दुर्मीळ संधी सगळ्या नळ्यांत सारखी वाटली जाते आणि चढउतार सपाट होतो. हा प्रयोग फसतो तो बहुतेक इथेच.

मुलांना गणितापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले जास्त पटत असेल, तर लेडरबर्ग दांपत्याची १९५२ सालची मखमलीची युक्ती सांगा. बशीच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून बांधायची. वसाहती वाढलेली मूळ बशी तिच्यावर हलकेच टेकवायची, की मखमलीच्या लवेवर प्रत्येक वसाहतीचे थोडे जिवाणू येतात. तोच ठसा औषध असलेल्या दोनतीन बश्यांवर उठवायचा. वाचलेल्या वसाहती सगळ्या बश्यांवर एकाच जागी उगवतात. आता मूळ बशीवर त्याच जागेचे जिवाणू उचला. त्यांचा औषधाशी कधी संबंधच आला नव्हता, तरी त्यांत न जुमानणारे सापडतात. बशीच्या कडेला खूण करायला विसरू नका, नाहीतर कोणती जागा कोणती हे कळत नाही. आणि आगरचा, म्हणजे बशीतल्या पोषक जेलीचा, पृष्ठभाग कोरडा हवा, ओलसर असला की ठसे एकमेकांत मिसळतात.

प्रश्न : वारंवार अँटिबायोटिक घेतले की शरीराला त्याची सवय होते आणि मग ते लागू पडत नाही, हे खरे का?

उत्तर : नाही. सवय शरीराला होत नाही. औषधाला दाद न देणारा असतो तो जिवाणू, माणूस नव्हे. आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या माणसालाही असा जिवाणू दुसऱ्याकडून लागू शकतो.

मात्र तुमच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे. घशासाठी घेतलेली गोळी फक्त घशात जात नाही, ती रक्तातून सगळीकडे पोहोचते. आतड्यात राहणाऱ्या असंख्य निरुपद्रवी जिवाणूंवरही तीच चाळणी लागते. कोर्स संपल्यावर काही महिने त्यांच्यात न जुमानणाऱ्यांचे प्रमाण जास्त राहू शकते, आणि पुढे त्यांतलाच एखादा मूत्रमार्गात शिरला तर पहिले औषध फुकट जाते. म्हणूनच सर्दीसारख्या विषाणूंच्या आजारात ही गोळी घेणे म्हणजे ज्याच्यावर ती चालतच नाही त्या विषाणूसाठी आतड्यातली निवड करून ठेवणे. डॉक्टरांकडे गेल्यावर गेल्या तीन महिन्यांत कोणते अँटिबायोटिक घेतले ते आपणहून सांगा. त्यांच्या निर्णयात त्याचा खरोखर उपयोग होतो.

प्रश्न : अँटिबायोटिके गेल्या शतकातली. मग प्रतिरोधही तेवढाच जुना ना?

उत्तर : प्रतिरोध, म्हणजे औषधाला न जुमानण्याचा गुण, फार जुना आहे. कॅनडातल्या युकॉनमध्ये कायम गोठलेल्या, सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या मातीतून काढलेल्या डीएनएत पेनिसिलिनच्या गटातली औषधे, टेट्रासायक्लिन आणि व्हँकोमायसिन यांच्याविरुद्धची जनुके सापडली. हे संशोधन २०११मध्ये प्रसिद्ध झाले. यात नवल नाही. बरीचशी अँटिबायोटिके मुळात मातीतल्या बुरशीने आणि जिवाणूंनीच बनवलेली आहेत, आणि जो ती बनवतो त्याला स्वतःचा बचाव ठेवावाच लागतो. पेनिसिलिन तोडणारे विकर अब्राहम आणि चेन यांनी १९४०मध्येच नोंदवले, म्हणजे औषध सर्रास वापरात येण्याच्या आधी. आपण नवीन केले ते एवढेच, की चाळणी जगभर आणि एकाच वेळी लावली.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिस्क पद्धतीने संवेदनशीलता तपासताना त्याच जिवाणूचा झोन कधी १८ मिलिमीटर येतो, कधी २३. चूक कुठे होत असेल?

उत्तर : इतर वाचकांसाठी आधी एक ओळ : या तपासणीत जिवाणू सारवलेल्या बशीवर औषधाची चकती (डिस्क) ठेवतात, आणि तिच्याभोवती जिवाणू न वाढलेले जे वर्तुळ उरते त्याचा व्यास म्हणजे झोन. चूक बहुधा बशीतल्या थराच्या जाडीत किंवा जिवाणूंच्या दाटपणात. क्रमाने तपासत जा.

म्युलर-हिंटन आगरचा थर ४ मिलिमीटर हवा. ९० मिलिमीटरच्या बशीला त्यासाठी सुमारे २५ मिलिलिटर लागते. अंदाजाने ओतलेल्या बश्या कधी ३, कधी ५ मिलिमीटरच्या होतात. थर जाड असला की औषध खालीही पसरते आणि झोन लहान येतो, पातळ असला की मोठा. शिवाय ओतताना टेबल समपातळीत नसेल तर एकाच बशीत दोन्ही चुका होतात. आगरचा सामू ७.२ ते ७.४ ठेवा.

दाटपणा ०.५ मॅकफार्लंड (हे गढूळपणाचे माप), म्हणजे मिलिलिटरला सुमारे १५ कोटी जिवाणू. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, काळ्या रेघांच्या कार्डासमोर प्रमाण नळीशी ताडून पाहा. प्रमाण नळी आधी नीट हलवायची, कारण तिच्यातला साका तळाला बसतो आणि ती खोटेच स्वच्छ दिसते. मग तुमचे मिश्रण तिच्याशी जुळवायला तुम्ही पातळ करता आणि झोन फुगतो. तयार मिश्रण १५ मिनिटांच्या आत वापरा, ठेवून दिले तर जिवाणू वाढतात. कापसाचा बोळा नळीच्या कडेला दाबून जादा पाणी काढा आणि बशी ६० अंशांनी फिरवत तीनदा सारवा. डिस्क ठेवल्यावर ती हलवू नका, औषध टेकताक्षणी आगरमध्ये उतरू लागते. दोन डिस्कांच्या केंद्रांत किमान २४ मिलिमीटर अंतर ठेवा. मग १५ मिनिटांत बश्या ३५ अंश सेल्सियसला लावा आणि १६ ते १८ तासांनी वाचा. बश्यांची चारपाचहून उंच चळत करू नका, मधल्या बश्या उशिरा तापतात.

डिस्कची कुपी फ्रीजमधून काढल्याबरोबर उघडत असाल तर ती सवय मोडा. थंड कुपीत हवेतले बाष्प जमते आणि ओलाव्याने पेनिसिलिन गटाची औषधे मरतात. कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा. आणि प्रत्येक खेपेला ई. कोलाय एटीसीसी २५९२२ ही प्रमाण जात शेजारी लावा. तिचा झोन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर त्या दिवसाचे सगळेच आकडे टाकून द्या.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण सांगायला हव्यात. स्वच्छ झोनच्या आत दोनचार सुट्या वसाहती दिसल्या तर त्यांना “घाण” समजून सोडू नका. नमुन्यात दुसरा जिवाणू मिसळला असेल, किंवा वर पहिल्या उत्तरात सांगितलेले तेच दुर्मीळ वाचलेले असतील. त्या उचलून वेगळ्या वाढवा आणि पुन्हा तपासा. नैसर्गिक निवड इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसते. दुसरे म्हणजे मोठा झोन असलेले औषध जास्त चांगले, असे अहवालात कधीही लिहू नका. व्हँकोमायसिनचा रेणू बोजड, तो आगरमध्ये सावकाश पसरतो, म्हणून त्याचा झोन लहानच असतो. प्रत्येक औषधाचा झोन त्याच्या स्वतःच्या तक्त्याशीच ताडायचा.

प्रश्न : “बरे वाटले तरी कोर्स पूर्ण करा” हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. आता कोर्स लहान असलेलाच बरा असे वाचले. नेमके काय करायचे?

उत्तर : दोन वेगळे मुद्दे एकात मिसळले गेले आहेत : डोस किती आणि किती वाजता, हा एक. किती दिवस, हा दुसरा.

पहिल्यात तडजोड नाही. समजा एखाद्या औषधाची रक्तातली सर्वोच्च पातळी मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम आहे आणि ती दर तासाला निम्मी होते. अमॉक्सिसिलिन साधारण याच वेगाने उतरते. ज्या जिवाणूची वाढ रोखायला ०.२५ पुरते, त्याच्यावर हे औषध पाच तास पुरेसे असते. ज्याला २ लागतात, त्याच्यावर फक्त दोन तास. मधल्या तीन तासांत पहिला दबलेला आणि दुसरा मोकळा. निवड होते ती याच मधल्या वेळेत. डोस अर्धा केला तर वरची पातळी ४ होते आणि दुसऱ्या जिवाणूवरचे दोन तास एकावर येतात. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी दोनदा घेतली तर मोकळी वेळ आणखी लांबते. म्हणून “आठ तासांनी” म्हणजे आठ तासांनीच.

दिवसांचे मात्र सरसकट सूत्र नाही. नेहमीच्या संसर्गात औषध जास्त दिवस चालू ठेवल्याने प्रतिरोध टळतो याला आधार नाही. उलट तेवढे दिवस आतड्यातल्या जिवाणूंवर चाळणी चालूच राहते. म्हणून रुग्ण वेळेवर सुधारत असेल तर साध्या न्यूमोनियाला आता अनेकदा ५ दिवस पुरेसे मानतात. याउलट स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीत पेनिसिलिन १० दिवस देण्याची पद्धत आहे, कारण तिथे पुढचा संधिवाताचा ताप आणि हृदयाच्या झडपांची हानी टाळायची असते. क्षयाचा हिशोब तर पूर्ण निराळा, तो पुढच्या प्रश्नात आहे. तेव्हा स्वतःच्या मनाने थांबवू नका. “नेमके किती दिवस, आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले तर काय?” हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, पुढच्या वेळी त्या अर्ध्या डोसाचे कारण बनतात.

प्रश्न : क्षयरोगाला एकदम चार औषधे का? एक संपले की दुसरे असे का देत नाहीत?

उत्तर : असे देऊन पाहिले होते. स्ट्रेप्टोमायसिन १९४४मध्ये जाहीर झाले. ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष १९४८मध्ये आले : रुग्ण आधी झपाट्याने सुधारले, पण काही महिन्यांत अनेकांच्या थुंकीतले जंतू औषधाला जुमानेनासे झाले. त्यात दुसरे औषध, पास, जोडल्यावर हे प्रमाण एकदम खाली आले.

कारण साधा गुणाकार आहे. फुफ्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात १० कोटी ते १०० कोटी जंतू असतात. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू १० लाखांत साधारण एक, म्हणजे असे शेकडो आधीच हजर. रिफॅम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक, म्हणजे एकापासून दहापर्यंत. एकच औषध दिले की हेच उरतात आणि वाढतात. दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारा शोधायचा तर एकावर चौदा शून्ये इतक्या जंतूंत एखादा. तेवढे जंतू रुग्णाच्या शरीरात नसतातच. म्हणून औषधांना दाद देणाऱ्या क्षयात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार, आणि पुढे किमान चार महिने कमी औषधे ही ठरलेली पद्धत. इतके महिने लागतात ते सुस्त पडून असलेल्या जंतूंमुळे. ते प्रतिरोधी नसतात, फक्त वाढत नसतात, आणि वाढ चालू असलेल्या जंतूवरच बहुतेक औषधांचा जोर चालतो.

हा गुणाकार एका ठिकाणी फसतो आणि ते फार महागात पडते. उपचार लागू पडत नाहीत असे दिसल्यावर चालू औषधांत एकच नवे औषध वाढवले, तर जुन्यांना आधीच न जुमानणाऱ्या जंतूंसाठी ते नवे औषध एकटेच असते. काही आठवड्यांत तेही हातचे जाते. अशा वेळी आधी संवेदनशीलता तपासायची आणि लागू पडणारी औषधे एकदम बदलायची. रुग्णानेही चारांतली पचायला जड जाते ती एक गोळी गुपचूप वगळू नये. त्यापेक्षा त्रास होतो हे सांगावे.

प्रश्न : एका जिवाणूचा प्रतिरोध दुसऱ्या जातीत जातो म्हणतात. वारसा तर आईकडून मुलाकडे जातो!

उत्तर : जिवाणूंत तो शेजाऱ्याकडेही जातो. मुख्य गुणसूत्राखेरीज अनेक जिवाणूंत डीएनएची छोटी सुटी कडी असते, ती म्हणजे प्लाझ्मिड. दोन जिवाणू चिकटतात, मध्ये नळीसारखा दुवा तयार होतो आणि प्लाझ्मिडची प्रत पलीकडे जाते. १९५०च्या दशकात जपानमध्ये आमांश करणाऱ्या शिगेला जिवाणूंत एकदम चार औषधांचा प्रतिरोध दिसू लागला. चार स्वतंत्र चुका एकाच जिवाणूत एकदम होणे आकड्यांत बसत नव्हते. पुढे कळले की चारही जनुके एकाच प्लाझ्मिडवर बसून आतड्यातल्या ई. कोलायकडून येत होती.

याचा व्यवहारातला परिणाम असा, की एकच औषध वापरले तरी त्या प्लाझ्मिडवरचे बाकीचे प्रतिरोधही टिकून राहतात. कोलिस्टिन या राखीव ठेवलेल्या औषधाविरुद्धचे एमसीआर-१ हे जनुक २०१५मध्ये चीनमधून नोंदले गेले, तेही प्लाझ्मिडवरचेच. ते तिथल्या पशुपालनातल्या प्राण्यांतही सापडले, कारण त्यांना कोलिस्टिन दिले जात होते.

प्रश्न : एखादे औषध काही वर्षे बंद ठेवले तर ते पुन्हा लागू पडेल का?

उत्तर : कधी पडते, कधी नाही. दोन्हींची उदाहरणे आहेत. हिवतापाचा परजीवी जिवाणू नव्हे, पण निवडीचा नियम तोच. मलावी देशाने १९९३मध्ये क्लोरोक्विन बंद केले. औषध नसताना प्रतिरोधी परजीवी मागे पडत गेले आणि बारा वर्षांनंतरच्या चाचणीत ते औषध जवळजवळ सर्व रुग्णांत पुन्हा लागू पडले. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात सल्फा औषधांचा वापर ९७ टक्क्यांहून अधिक घटला. तरी लंडनच्या एका रुग्णालयात ई. कोलायमधला सल्फा-प्रतिरोध १९९१मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास होता, तो १९९९मध्ये ४६ टक्के निघाला.

फरक प्रतिरोधाच्या किमतीत आहे. बदललेल्या प्रथिनामुळे जिवाणू मंद वाढत असेल, तर औषध काढताच मूळ जात त्याला मागे टाकते. पण त्याआधीच दुसरी एखादी चूक झाली आणि तिने मंदपणा भरून काढला, तर मागे परतण्याचे कारणच उरत नाही. रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या क्षयजंतूंत अशा भरपाईच्या चुका त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागात सापडतात. सल्फाच्या बाबतीत शेजारची जनुके आडवी आली : त्याच प्लाझ्मिडवर इतर औषधांचेही प्रतिरोध होते आणि ती औषधे तर चालूच होती.